चार बोटांची दुमड

उसवणबाईचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून ती सदा बसलेली, आणि गिऱ्हाइकांना वाटतं बाई फार कामसू आहे. नवं ती काही शिवत नाही. लोकांनी दुसरीकडे शिवून बिघडवलेलं ती उसवते आणि मापात आणून देते. पोट सुटलेल्यांच्या पँटी सैल करायच्या, आजारातून उठलेल्यांच्या घट्ट करायच्या, थोरलीचा फ्रॉक धाकटीला बसवायचा. अख्ख्या गल्लीची कंबर कुठे किती वाढली हे तिला पाठ आहे. पण विचारून बघा, ताकास तूर लागू देणार नाही.

गल्लीच्या जिभेला मात्र हाड नाही. उसवणबाईचा थोरला भाऊ तुरुंगात आहे ही बातमी भाऊ तिथे पोचायच्या आत गल्लीत पोचली होती.

आता त्याचा गुन्हा ऐका. दादा शिंपी होता, आणि चांगला शिंपी होता. तिथेच सगळा घोटाळा झाला. चार माणसं दुकानात आली आणि नाटकासाठी पोलिसांचे चार गणवेश शिवून हवेत म्हणाली. दादाने शिवले. ते घालून ती चौघं एका सोनाराकडे झडतीला गेली, तिजोरी रिकामी केली, रीतसर पंचनामा लिहिला, त्यावर सोनाराचीच सही घेतली आणि बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या खऱ्या हवालदाराने त्यांना कडक सलाम ठोकला. पुढे कोर्टात तो म्हणाला, "साहेब, कपडे इतके बेतशीर बसले होते, मला वाटलं कोणीतरी फार वरचे अधिकारी असणार. आमच्या अंगावर कधी असे बसतात का?" कोर्टाने हे वाक्य लिहून घेतलं, दादाच्या हाताची तारीफ केली आणि पाच वर्षं दिली. मला काही माहीत नव्हतं, मी नाटकच समजलो, असं दादा शेवटपर्यंत सांगत राहिला.

वहिनी म्हणाली, चार दिवस आईकडे जाऊन येते. त्याला तीन वर्षं झाली, ते चार दिवस अजून चालूच आहेत. मागे राहिल्या दोन मुली. थोरली टाचणी, अंगाने तशीच आणि बोलायलाही तशीच. धाकटी बटण. दोघींची नावं शाळेच्या दाखल्यावर वेगळी आहेत, पण शिंप्याच्या घरात कोण दाखला बघतो! उसवणबाईचं लग्न राहून गेलं होतं, पोरं मात्र अशी आयती पदरात पडली.

बटण तेव्हा तीन वर्षांची होती, आता सहाची आहे. तिच्या लेखी बाबा सरकारी नोकरीत आहेत. राहायला सरकारी जागा, जेवण सरकारी, कपडे सरकारी, दाराशी पहारा. रजा मिळत नाही एवढंच. वर्गात तिने हे ऐटीत सांगितलं तेव्हा बाईंना हसू आवरेना. बटणला वाटलं, बाईंना हेवा वाटला.

टाचणीला मात्र पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. पहिलं वर्षभर ती दर महिन्याला एका शनिवारी आत्याबरोबर भेटीला जायची. मग एकदा तुरुंगासमोरच्या बस थांब्यावर तिला वर्गातल्या कुणाच्या तरी काकूने पाहिलं. सोमवारी वर्गात एक कंपासपेटी हरवली. बाई म्हणाल्या, "माझा कोणावरही संशय नाही हं. पण तपासणी आपण शेवटच्या बाकापासून करू." शेवटच्या बाकावर कोण बसतं हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. पेटी सापडली तिच्या मालकिणीच्याच घरी, पलंगाखाली. पण तेव्हापासून वर्गात खोडरबर जरी हरवलं तरी टाचणी कोणी काही म्हणायच्या आत उठायची आणि आपलं दप्तर बाकावर उपडं करायची. वह्या, पट्टी, डबा, सगळं. मग शांतपणे परत भरायची. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलं, "स्वभाव उद्धट."

शाळेने तिला वाऱ्यावर सोडलं होतं असं मात्र कोणी म्हणू नये. शाळेने समुपदेशक बाई बोलावल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की समोरच्याला आपण आजारी आहोत असं वाटायचं. त्यांनी टाचणीला आपलं घर काढायला सांगितलं. टाचणीने घर काढलं, खिडकी काढली, खिडकीला गज काढले. समुपदेशक बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "गज!" त्या म्हणाल्या. टाचणीने त्यांच्याच खोलीच्या खिडकीकडे बोट दाखवलं, तिथेही पाच गज होते. त्या दिवशी आणखी अकरा पोरांनी घर काढलं होतं आणि बाराच्या बारा खिडक्यांना गज होते. फाइल मात्र एकटीचीच झाली.

गल्लीतही दयेला तोटा नव्हता. समोरच्या काकू म्हणायच्या, "पोरींची काही अडचण असली तर हक्काने सांग हो," आणि आपल्या पोरीला हाक मारून घरात घ्यायच्या.

भेटीला जाणं टाचणीने सोडलं ते त्या कंपासपेटीच्या आठवड्यात. उसवणबाईला वाटलं, लाज वाटत असेल. पण त्याच आठवड्यात पोरीने तिला विचारलं होतं, "आत्या, ते चोर आहेत हे बाबांना माहीत होतं का गं?" उसवणबाईने चटकन सांगितलं, "छे गं, भोळा आहे तो." टाचणी म्हणाली, "माप घेताना तोंड दिसत नाही का माणसाचं?" पुन्हा तो विषय तिने काढला नाही, आणि तुरुंगाचं नाव काढलं की उठून जायला लागली. समजावलं, रागावलं, आमिष दाखवलं. कशाकशाचा उपयोग झाला नाही. दोन वर्षं अशीच गेली.

आणि आता घात असा होता की पोरीला बारा वर्षं पूर्ण होणार होती. तुरुंगाचा नियम साधा होता. बारा वर्षांच्या आतल्या मुलांची, आणि त्यांना आणणाऱ्या एका मोठ्या माणसाची, भेट हॉलमध्ये होते, बाकावर शेजारी शेजारी बसता येतं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवता येतो. बारा पूर्ण झाली की काच, धाकटं भावंड बरोबर असलं तरी. एका बाजूला कैदी, दुसऱ्या बाजूला तुम्ही, मध्ये फोन. टाचणीचा वाढदिवस येत्या बुधवारी होता आणि भेट त्याआधीच्या शनिवारी. म्हणजे बापलेकीला एकमेकांजवळ बसायला वीस मिनिटं उरली होती, तीही पोरगी आली तर. दादा दर खेपेला एकच विचारायचा, "थोरली?" आणि उसवणबाई दर खेपेला म्हणायची, "परीक्षा आहे." इतक्या परीक्षा जगातल्या कुठल्याही शाळेत नसतात, हे काय त्याला कळत नव्हतं? नुसती मान हलवायचा बिचारा.

त्यात गेल्या महिन्यात त्याने नवंच सांगितलं. त्याला शिवणकामावरून काढून स्वयंपाकघरात कांदे सोलायला लावलं होतं, आणि चांगल्या वागणुकीची म्हणून जी सूट मिळते त्यातले पंधरा दिवस कापले होते. "काय केलंस रे?" उसवणबाईने विचारलं. "कापडाची जरा गडबड झाली," तो म्हणाला आणि बटणशी खेळायला लागला. उसवणबाईने कपाळावर हात मारून घेतला. आत जाऊनही कापडाचीच गडबड!

त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी शाळेतून निरोप आला. मुलींचे तीनशे नवे स्कर्ट आले होते आणि त्यात खोट निघाली होती. खालची दुमड एवढी जाड, की घेर फुगून मुली घंटेसारख्या दिसत होत्या. पुढच्या आठवड्यात वार्षिक समारंभ, मोठे पाहुणे यायचे. उसवणबाईने जादा कापड कापून, दुमड एक बोटाची करून द्यायची. शाळेचा शिपाई हातगाडीवरून गठ्ठे टाकून गेला. स्कर्ट कुठून आले ते सूचनाफलकावर लिहिलं होतं: "एका नामांकित सरकारी संस्थेकडून." कंबरपट्टीतली चिठ्ठी प्रत्येक स्कर्टावर अर्धी कापलेली होती, आणि उरलेल्या अर्ध्या चिठ्ठीवर "उद्योग" एवढाच शब्द राहिला होता.

दुपारी शाळा सुटल्यावर टाचणी उसवायला बसली. शिंप्याची पोर, हात सरावलेले. पहिला स्कर्ट उलटा केला, दुमडीच्या आत बोट घातलं, दोऱ्याचं टोक सापडलं. गाठ नव्हती. टोक नुसतं आत सरकवलेलं होतं. तिने ओढलं तर सगळी दुमड एका दमात सर्रकन उघडली आणि चार बोटं कोरं कापड खाली लोंबलं.

टाचणीचा हात तिथेच थांबला. दुसरा स्कर्ट घेतला, ओढला, सर्रकन. तिसरा घेतला.

"आत्या," ती म्हणाली, "हे बाबांचं आहे."

"उगाच काहीतरी बोलू नकोस. जगात शिंपी काय एकटा तुझा बाप आहे?" असं म्हणत उसवणबाईने चौथा स्कर्ट ओढून घेतला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सात टाके, मग एक उलटा टाका, पुन्हा सात, आणि शेवटी टोक मोकळं. बाजारात अशी हातशिलाई कोणी घालत नाही, कारण यात शिंप्याचा तोटाच आहे. ही त्यांच्या घरातली, त्यांच्या वडिलांनी दोघा भावंडांना शिकवलेली. वाढत्या पोरीच्या कपड्याला चार बोटं आत ठेवायची, आणि शिलाई अशी घालायची की आईला वर्षाने शिंप्याकडे यावं लागू नये, दोरा ओढला की झालं. टाचणीचे आठ वर्षांपर्यंतचे सगळे फ्रॉक असेच होते.

"पण सगळ्यांनाच का?" टाचणीने विचारलं. "दहावीच्या मुलींनापण?"

उसवणबाईने गठ्ठे चाळले. लहान माप, मोठं माप, सगळ्यांना चार बोटं. आणि मग तिला एकेक गोष्ट कळत गेली, आणि जसजशी कळत गेली तसतसा तिचा जीव कासावीस झाला. मागणीच्या कागदावर शाळेचं नाव असणार. शाळा लेकीची. आता लेक केवढी झाली, कोणत्या मापाची झाली, हे बापाला कुठे माहीत? दोन वर्षांत पाहिलेली नाही. कुठला स्कर्ट तिच्या अंगावर जाईल हे काही सांगता येत नाही, म्हणून त्याने तीनशेच्या तीनशे लांब कापले. सरकारी ठाण कमी पडलं, चौकशी झाली, आणि कापडाची नासाडी केली म्हणून पंधरा दिवस गेले.

"गाढव आहे नुसता!" उसवणबाई ओरडली आणि रडायला लागली. "माझ्याकडून माप मागितलं असतं तर एकाच स्कर्टात काम झालं असतं ना! तीनशे कसले कापतोस!" रडता रडता तिने सगळं पोरीला सांगून टाकलं, पंधरा दिवसांसकट आणि कांद्यांसकट.

टाचणीने ऐकून घेतलं. उघडलेल्या स्कर्टाची घडी घातली आणि म्हणाली, "हे कापायचे नाहीत."

दुसऱ्याच दिवशी उसवणबाई मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या खोलीत उभी होती. "कापायला नको बाई," ती म्हणाली. "इस्त्री मारून दुमड चपटी करून देते, घेर फुगणार नाही. मुली वाढतात, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल."

"मुली वाढतात हे मान्य आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण मागणीपत्रात एक बोट लिहिलंय. ज्या कोण्या मूर्खाने एवढं कापड आत ठेवलं..."

"माझ्या भावाने."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. उसवणबाई म्हणाली, "तुमची ती नामांकित संस्था मला चांगली माहीत आहे. महिन्यातून एकदा जाते मी. आधी झडती होते, मग आत सोडतात."

मोठ्या बाई उठल्या आणि स्वतःच्या हाताने दार लावलं. मग खूप हळू आवाजात त्यांनी सांगितलं की शाळेच्या चालकांनी फक्त दर पाहिले होते, त्यांचा स्वतःचा तसा विरोधच होता, आणि पालकांना कळलं तर केवढा गहजब होईल. चांगल्या घरच्या मुली आहेत, त्यांच्या अंगावर कैद्यांनी शिवलेलं म्हटल्यावर... इथे समोर कोण उभं आहे याची त्यांना आठवण झाली आणि त्या खोकल्या.

"माझ्या दुकानातून कुणाचं काही बाहेर जात नाही," उसवणबाई म्हणाली. "नाहीतर या शाळेतल्या किती जणींच्या कंबरेचे आकडे आत्तापर्यंत फळ्यावर लागले असते."

मोठ्या बाईंनी पोट आत घेतलं. स्कर्ट कापायचे नाहीत असं लगेच ठरलं. वर त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या भाचीला पाहुण्यांच्या स्वागताला पुढच्या रांगेत घेऊ या. आमचा तिच्यावर पहिल्यापासून विश्वास आहे." उसवणबाई म्हणाली, "तिला विचारून सांगते." टाचणीने निरोप पाठवला की तिला शेवटचा बाक बरा पडतो, तिथून सगळा वर्ग दिसतो.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या गठ्ठ्याला इस्त्री मारत असताना टाचणी म्हणाली, "उद्या मी येते."

उसवणबाईने इस्त्री खाली ठेवली. आनंदाने काही बोलणार, तोच पोरगी पुढे म्हणाली, "पण मला त्यांना एक विचारायचंय. तू मध्ये बोलायचं नाहीस. मी तेच विचारणार, जे तुला विचारलं होतं. तेही तुझ्यासारखंच म्हणाले तर मी परत कधी येणार नाही. काचेपाशीसुद्धा नाही."

उसवणबाईने पुन्हा इस्त्री उचलली आणि इस्त्री झालेल्याच स्कर्टावर फिरवली. दादा काय म्हणणार हे तिला माहीत होतं. कोर्टात म्हणाला तेच, बायकोला म्हणाला तेच, तिला म्हणाला तेच. आणि ते खरंच आहे यावर तिचा स्वतःचा विश्वास होता. तीन वर्षं गल्लीतल्या दहा जणींशी ती त्यावरून भांडली होती.

शनिवारी फाटकावरच्या कारकुनाने टाचणीचा जन्मदाखला दोनदा वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटांवर मोजलं. "चार दिवस उरलेत," तो नाराजीने म्हणाला, जणू पोरीने मुद्दाम लवकर येऊन सरकारची काच वाया घालवली होती. झडती झाली. हॉलमध्ये बाकं होती, भिंतीवर मोठं घड्याळ होतं, आणि पलीकडच्या दारातून काचेसमोरची रांग दिसत होती.

दादा आला. कांद्याचा वास त्याच्याआधी आला. त्याने टाचणीला पाहिलं आणि त्याचा हात आपोआप गळ्यापाशी गेला, जिथे पूर्वी टेप असायची. "केवढी झालीस गं," एवढंच म्हणाला. टाचणी त्याच्याच बाकावर बसली, पण अगदी दुसऱ्या टोकाला, हात लांब केला तरी पोचणार नाही इतक्या अंतरावर.

बटण बडबडत होती. सरकारी जेवण कसं असतं, पहारेकऱ्याला मिशा का नाहीत, सगळं विचारून झालं. घड्याळात दहा मिनिटं गेली. अकरा. बारा. उसवणबाईने पदर तोंडाशी घट्ट धरला होता, कारण तोंड उघडलं तर शब्द बाहेर पडतील याची तिला खात्री होती.

"बाबा," टाचणी म्हणाली, "ते चोर आहेत हे तुम्हाला माहीत होतं का?"

दादाने बहिणीकडे पाहिलं. मग पहाऱ्यावरच्या शिपायाकडे पाहिलं. बटणला त्याने मांडीवरून खाली ठेवलं.

"हो," तो म्हणाला.

उसवणबाईच्या हातातून पदर सुटला.

"माप घेतानाच कळलं," दादा म्हणाला. "एकजण म्हणाला, आतून मोठा खिसा लाव, पिशवी मावेल एवढा. नाटकातल्या पोलिसाला तो कशाला हवा? कळलं मला तेव्हाच."

"मग का शिवले?"

"शिलाई दुप्पट देत होते." तो थांबला. बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली. "आणि म्हणाले, असा हात साऱ्या शहरात दुसऱ्या कुणाचा नाही. मी फुशारलो गं. वाटलं, दाखवूच यांना. शिवताना मजा येत होती मला. तुमची दोघींची आठवणसुद्धा झाली नाही तेव्हा."

उसवणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं! तीन वर्षं भोळा भोळा म्हणून याच्यासाठी लोकांशी दोन हात केले, आणि हा म्हणे फुशारलो! हॉल नसता तर तिने त्याला तिथेच बडवला असता.

टाचणी खाली मान घालून बसून राहिली. मग बाकावरून सरकली. आणखी सरकली. थेट बापाला टेकली आणि डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं. दादाला हात कुठे ठेवावा कळेना. तीनशे स्कर्ट कापणारा माणूस, आपल्या पोरीच्या खांद्याला हात लावायला घाबरत होता. अखेर ठेवला. घंटा होईपर्यंत दोघं तसेच बसले होते, आणि घंटा झाल्यावर शिपायाला तीनदा ओरडावं लागलं.

बाहेर बस थांब्यावर भर उन्हात तिघी उभ्या राहिल्या. समोरून ओळखीचं कोणीतरी चाललं होतं, टाचणीने तोंड फिरवलं नाही.

"तू मला खोटं सांगितलंस," ती आत्याला म्हणाली.

"मला तरी कुठे खरं माहीत होतं?"

"मग माहीत नाही म्हणायचं."

उसवणबाईने उन्हासाठी पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून काच आहे, बाई. फोनवर बोलायचं. हात लावता येणार नाही."

"मग पहिली बस पकडू," टाचणी म्हणाली. "काचेची रांग केवढी लांब होती, बघितलीस ना?"

उसवणबाईने बघितली नव्हती. ती सगळा वेळ भावाकडे डोळे वटारून बघत होती.